मधूनं सगळ्यांना जागा दिली

"काका, नाना गेले... अंबाजोगाईला, दवाखान्यात, आत्ताच," एवढं बोलून राजरत्न थांबला. मला वाटलं, पोराचा गळा दाटून आला. मी हातातला पेपर बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. चाळीसेक वर्षांपासूनचा मित्र गेला होता. मग राजरत्नच पुढं म्हणाला, "त्यांचं मशीन चालू हाय ना हो काका? जरा जाऊन बघता का? साहेबांच्या दौऱ्याचे समदे व्हिडिओ त्यातच हायत." राजरत्न म्हणजे मधूच्या थोरल्या भावाचा मुलगा, मधूला नाना म्हणणारा. गळा वगैरे काही दाटला नव्हता, तो फक्त दम खात होता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला पुण्याहून, ठाण्याहून आणि नांदेडहून फोन आले. प्रत्येकानं आधी "लई वाईट झालं" म्हटलं, आणि दुसऱ्या वाक्याला मशीनवर आला. मधूची माती व्हायची होती अजून. मला त्या दिवशी जी शिसारी आली, ती आजही गेलेली नाही, आणि हा लेख मी ती लपवून लिहिणार नाही.

मधुकर परळीच्या औष्णिक वीज केंद्रात होता, यंत्रांच्या मीटर-विभागात. मी एसटीत वाहतूक नियंत्रक. त्याची-माझी ओळख भांडणातून झाली. गाडी उशिरा सुटली म्हणून तो माझ्या खिडकीशी येऊन ओरडला, मी आतून त्याच्यापेक्षा जोरात ओरडलो. माइक चालू राहिला होता, त्यामुळं अख्ख्या स्थानकानं ते ऐकलं. पुढं योगायोगानं दोघांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले आणि मधे एक भिंत ठेवून घरं बांधली. तो मला शेवटपर्यंत 'कंट्रोलर' म्हणायचा. नावानं हाक मारली असती तर मीच दचकलो असतो. माणूस बोलघेवडा, हौशी, आणि थोडा फुशारकी मारणाराही. आपल्याला एखादी गोष्ट येते हे चारचौघांना कळलं की त्याची छाती फुगायची. आणि कुणी "तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हटलं की संपलंच. त्या माणसाला 'नाही' हा शब्द कधी उच्चारता आला नाही. भीड ही भिकेची बहीण, असं मी त्याला कितीदा ऐकवलं असेल. तो हसायचा आणि ज्यानं गळ घातली त्याचं काम करून टाकायचा.

त्या मशीनचं मूळ शालनवहिनींच्या, म्हणजे मधूच्या बायकोच्या, गाण्यांत आहे. वहिनी पाळणे म्हणायच्या. बारशाला आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं, धर्मापुरीकडच्या बाया तर जीप घेऊन दारात उभ्या राहायच्या. बहुतेक पाळणे त्यांचे स्वतःचे. लिहिलेला एकही नाही, सगळं तोंडपाठ. पोरगी झाली असेल तर तिच्यासाठी वेगळा, पोराला वेगळा, आणि आईला माहेरचं कुणी नसेल तर तिच्यासाठी आणखी वेगळा. मधू घरात टेपरेकॉर्डरसमोर त्यांना बसवून ते पाळणे भरून घ्यायचा. पुढं कॅसेटींना बुरशी धरायला लागली, फितीचा चिवडा व्हायला लागला, तेव्हा त्यानं त्या एकेक वाजवून जुन्या कम्प्युटरात उतरवून घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. वहिनी गेल्या त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात त्यानं मागच्या खोलीतला तो कम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडला. वाचकांना सोप्या शब्दांत सांगायचं तर, घरातले फोटो, गाणी, लग्नाचे व्हिडिओ सगळं एका कम्प्युटरात भरून ठेवायचं. तो कम्प्युटर रात्रंदिवस चालू राहतो, आणि मग टीव्हीवर, मोबाईलवर, घरात कुठंही बसून ते उघडता येतं. त्यासाठी त्यानं इन्व्हर्टर वाढवला. आमच्याकडं वीज केंद्राची राख घराघरांत शिरते, ती मशीनच्या पंख्यात जाऊन बसू नये म्हणून त्याच्या जाळीवर वहिनींच्या एका पातळ साडीचा तुकडा ताणून बसवला. दर रविवारी तो तुकडा काढून झटकायचा, धुवायचा. सकाळी मी चहा घेत असलो की भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज यायचा. मला त्याची सवय झाली होती.

तिथवर सगळं ठीक होतं. मग त्याच्या डोक्यात आलं की हे लांबच्यांनाही दिसलं पाहिजे. इंटरनेटवाला म्हणाला, तुमच्या घराचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता सारखा बदलत असतो, बाहेरून मशीन सापडायचं नाही. मधूला असं कुणी 'व्हायचं नाही' म्हटलेलं खपत नसे. महिनाभर तो चष्मा कपाळावर चढवून बसला होता. शेवटी त्यानं कुठलंसं सॉफ्टवेअर शोधून काढलं, ज्यामुळं लांबचे कम्प्युटर आणि मोबाईल जणू एकाच घरात असल्यासारखे जोडले जातात. मग त्यानं पिंपरीच्या बहिणीला फोन लावला, "ताई, आता मोबाईल उघड, मी सांगतो तसं दाब." तिकडं वहिनींचा पाळणा सुरू झाला. ती रडायला लागली आणि इकडं हाही. मी तिथंच बसलो होतो. ते बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण त्या दिवसापासून घराचं दार उघडं पडलं ते पडलंच. बहिणीनं मुलाला सांगितलं, मुलानं मेहुण्याला, आणि एका मोसमात सगळ्या भावकीकडं मधूच्या मशीनचा पासवर्ड पोचला. सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. हा पासवर्ड तो फोनवर मोठ्यानं सांगायचा, भिंतीपलीकडं मला पाठ झाला होता. कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला नवं टाकता येईल, आणि पुसून टाकायचा हक्क फक्त मालकाकडं राहील, अशी सोय त्या कम्प्युटरात होती. त्यानंच मला ती दाखवली होती. मी म्हटलं, "मग लाव की. निदान वहिनींच्या फोल्डरला तरी कुलूप घाल." तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "कंट्रोलर, तुला न्हाई कळायचं बे. माझ्या आज्ज्याला गावजेवणात वेगळं बसवायचे, पार उकिरड्याच्या अंगाला. शाळेत मला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. आता माझ्या घरात मी ठरवू, की ह्यानं नुसतं बघायचं अन् त्यानं हात लावायचा? माझ्या दारात कुणी वेगळं बसणार न्हाई." माझ्या घराण्यात कुणाच्या ओंजळीत कुणी वरून पाणी ओतलं नव्हतं. तरी आज म्हणतो, पंगतीला सगळ्यांना एकत्र बसवावं, हे खरं. पण जेवून उठताना जे घरातली भांडी उचलून नेतात, त्यांचं काय करायचं ते त्याच्या तत्त्वात कुठं बसत नव्हतं.

आणि काय काय आणून टाकलं लोकांनी त्यात. सुरुवातीला बारशाचे, शाळेतल्या बक्षिसांचे फोटो आले, तोवर मलाही कौतुक होतं. मग मोबाईल भरला की तो मधूकडं रिकामा करायचा, असा रिवाजच पडला. वरून ड्रोननं काढलेली लग्नं, हळदीतली नाचगाणी, हिरोच्या थाटात गॉगल लावून गाडीतून उतरणारे जावई. गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहिलेली चित्रं, तीही एकसारखी, ढिगानं. कुणाच्या फ्लॅटचे कागद, कुणाची एक्स-रे फिल्म, चोरून उतरवलेले सिनेमे. राजरत्नानं तर कहर केला. तो एका नेत्याच्या मागं फिरतो. साहेबांचा सत्कार, साहेबांच्या हस्ते नारळ, साहेबांच्या शेजारी उभा असलेला राजरत्न, आणि राजरत्नाच्या स्वतःच्या वाढदिवसाला जेसीबीतून उधळलेली फुलं, हे सगळं चारी बाजूंनी काढलेलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. यांची हौस आणि मधूची वीज, मधूची डिस्क, मधूचं डोकं. वर फोन असायचेच, "दादा, उघडत न्हाई." "मामा, लई हळू चालतंय, कावून?" हा ताटावरून उठून बघायला जायचा. वहिनींची गाणी दुसऱ्या एका राखीव डिस्कवर जपून ठेवलेली होती, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. जागा कमी पडायला लागली तेव्हा या बाबानं ती राखीव डिस्कसुद्धा रिकामी करून भावकीच्या सेवेला लावली. मी खवळलो. तो म्हणाला, "अरे, गाणी पहिल्या डिस्कवर हायतच की. दोनदा कशाला?" ज्या माणसानं उभी हयात मीटर दोन-दोनदा तपासण्यात घालवली, त्यानं हे बोलावं.

साधारण वर्षभरापूर्वी सकाळचा आवाज बंद झाला. मी विचारलं तर म्हणाला, "स्पीकर गेलाय. आणायचाय नवा." नंतर पुन्हा विचारलं तर म्हणाला, "आणतो रे." टीव्हीवर बातम्या मात्र स्वच्छ ऐकू यायच्या, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. त्या वर्षात तो बारीक झाला, बोलणंही कमी झालं. मी म्हटलं वय झालं, मीही काही पोरगा राहिलेलो नाही. शेवटचा भेटला तो अंबाजोगाईला तपासून घ्यायला जायच्या आदल्या दिवशी. मागच्या खोलीत मशीन उघडं करून बसला होता, साडीचा तुकडा धुऊन दोरीवर घातला होता. मी म्हटलं, "मर्दा, छातीत दुखतंय आणि राख कसली झटकतोस?" म्हणाला, "बंद पडलं तर लोकांचं अडतंय, कंट्रोलर." लोकांचं... त्याचं शेवटचं वाक्य माझ्या वाट्याला आलं ते हे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मांडव होता. चौकात राजरत्नानं फलक लावला होता, त्यात साहेब छातीएवढे, राजरत्न पोटाएवढा आणि मधू कोपऱ्यात तिकिटाएवढा. भन्तेजींनी वंदना घेतली. मग भाषणं झाली. "नानांनी सगळ्या भावकीला एका धाग्यात जोडलं," असं राजरत्न बोलला आणि टाळ्या वाजता-वाजता राहिल्या. जेवणं झाल्यावर लोक हात पुसत एकेक करून माझ्याकडं यायला लागले, कारण घराची किल्ली माझ्याकडं. "मशीन बंद करू नका बरं का काका." "बिल आपण बघू नंतर, चालू राहू द्या." एकानं तर विचारलं, हे मशीन त्याच्या घरी नेलं तर सगळं तसंच चालेल का. तोंडात अजून बुंदी होती त्याच्या.

मधूची एकुलती एक मुलगी सुजाता. लातूरला शाळेत शिकवते. ती सगळे गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मला घरातलं काय बी नको. आईचे पाळणे तेवढे काढून द्या. माझ्या सुनेला दिवस गेलेत. बारशाला आईचा आवाज लावायचाय." मी विचारलं, "तू कधी उतरवून घेतले नाहीस?" ती म्हणाली, "बाबांकडं हायतच की, म्हणून राहिलं." हेच उत्तर मला नंतर पिंपरीच्या बहिणीनं दिलं, ठाण्याच्या मेहुण्यानं दिलं. मधूकडं आहेच की. आपली रद्दी सगळ्यांनी त्याच्याकडं आणून टाकली, आणि त्याच्याकडचं एकुलतं मोलाचं तेवढं कुणीच घरी नेलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी मशीनपुढं बसलो. मधूच्या शेजारी इतकी वर्षं बसून मला उघडणं, शोधणं एवढं जमतं. दोन्ही डिस्क पालथ्या घातल्या. साहेब सापडले, जावई सापडले, गुलाबाची फुलं सापडली. वहिनींचं फोल्डर कुठंच नव्हतं. कचरापेटीत पाहिलं, तिथंही नाही. पुढं कळलं की बाहेरून कुणी पुसलं तर ते कचरापेटीत येतच नाही, थेट जातं. मी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली आणि माझा जुना स्थानकावरचा आवाज काढला. राजरत्नापर्यंत पोचलो तेव्हा तो आधी घुटमळला, मग म्हणाला, "काका, मागच्या साली साहेबांच्या दौऱ्याचं टाकायचं व्हतं, तर जागाच न्हवती. त्यात एक जुनं फोल्डर दिसलं, नुसता आवाज, चित्र न्हाई काय न्हाई. खरखर लई. मला वाटलं नानांनी काय तरी चाचणी घेतली असंल. काढून टाकलं." मी विचारलं, "मधूला माहीत होतं?" तो म्हणाला, "हां, त्यांचा फोन आलता की. मीच पुसलं म्हणून सांगितलं. ते म्हणले, बरं, ऱ्हाऊ दे, कुणाला सांगू नको." मी फोन ठेवला. मला तोंड धुवावंसं वाटलं, आणि खरंच उठून धुतलं.

म्हणजे हा सगळं जाणून होता. वर्षभर मूग गिळून बसला, मला स्पीकरची थाप मारली, आणि पासवर्ड तोच ठेवला. ज्या पोरानं बायकोचा आवाज पुसला, त्या पोराच्या वाढदिवसाची फुलं राखेपासून जपत बसला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात. मला राजरत्नाची जेवढी किळस आली तेवढाच मधूचा राग आला, आणि अजून आहे. असल्या चांगुलपणाला मी चांगुलपणा म्हणत नाही. त्यानं एकदा तरी ओरडायला हवं होतं. मला येतं ओरडता, निदान मला सांगायचं.

पुन्हा शोधताना मला पहिल्यांदा नजरेतून सुटलेल्या एका कोपऱ्यात 'शालन – सापडलेलं' असं फोल्डर दिसलं. पुसलेलं परत खणून काढायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते त्यानं आणून चालवलं होतं. पण पुसलेल्या जागेवर साहेबांचा दौरा येऊन बसला होता. त्याखालून जे काही हाती लागलं, ते त्यानं तिथं ठेवलं होतं. मी ते उघडलं नाही. सुजाताला फोन केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ती शनिवारी आली. आल्या-आल्या तिनं भावकीच्या गटावर निरोप टाकला, की ज्यानं त्यानं आपापलं सामान आठवड्याभरात उतरवून न्यावं. काय उत्तरं आली म्हणता? "एवढी काय घाई?" "राहू दे की तिथंच, काय खातंय का ते?" "नाना असते तर असं बोलले नसते." एकीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. उतरवून मात्र कुणीच घेतलं नाही. मी सुजाताला म्हटलं, निदान तुझ्या पिंपरीच्या आत्याचं तेवढं ठेव, ती बरी आहे त्यातल्या त्यात. ती म्हणाली, "न्हाई काका. बाबांनी कुणाला वेगळं बसवलं न्हाई, मी बी बसवणार न्हाई. सगळ्यांनाच उठवते." पुढच्या शनिवारी पुन्हा आली आणि तिनं सगळं पुसलं. दौरे, ड्रोन, गुलाब, सगळं. मी मागं उभा राहून बघत होतो आणि मला जन्मात एखाद्या कामाचा एवढा आनंद झाला नव्हता.

मग आम्ही हॉलमध्ये बसलो आणि तिनं ते उरलेलं फोल्डर टीव्हीवर लावलं. पडदा काळा. वहिनींचा आवाज आला, "चालू झालं का ओ?" मग मधूचा, तरुण, घाईतला, "हां, म्हण." वहिनींनी श्वास घेतला... आणि नुसती खरखर. दुसरा तुकडा लागला. पुन्हा "चालू झालं का?", पुन्हा "हां, म्हण," आणि खरखर. प्रत्येक पाळण्याचं तोंड तेवढं वाचलं होतं, गाणं एकाचंही नाही. सुजाता दर वेळी पुढं झुकत होती, आता म्हणेल, आता म्हणेल, अशी. मला ते सहन होईना. मी रिमोट घ्यायला उठलो तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या काका. बाबा म्हण म्हणायलेत." आणि पुढच्या खरखरीत तिनं स्वतःच सुरुवात केली, आईच्याच हेलात, "हालू दे पाळणा, हालू दे गं, शाळंची वाट तुला कळू दे गं..." तेवढं म्हणून ती अडली. ओठ हलत राहिले. माझ्याकडं बघून म्हणाली, "पुढचं मला येत न्हाई."

मला तरी कुठं येत होतं? इतकी वर्षं भिंतीपलीकडून मी फक्त चाल ऐकली होती. टीव्हीवर पुढचा तुकडा लागला. वहिनींनी विचारलं, चालू झालं का ओ, आणि मधू म्हणाला, "हां, म्हण."